गोष्टीतल्या आजोबांना उत्तर माहीत नसू द्या

प्रश्न : मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर नववी-दहावीच्या मुलांसाठी तासभर वाचनवर्ग घेते. तत्त्वज्ञानातील मूळ प्रश्न या मुलांपर्यंत गोष्टींतून पोहोचावेत, म्हणून मी स्वतः एक कथा लिहिली. तिच्यात हातमागावर आयुष्य काढलेले एक आजोबा नातीला ग्रीसमधील थीसियसच्या जहाजाचे कोडे समजावून सांगतात. जहाजाची एकेक फळी बदलत गेली आणि शेवटी सगळ्याच फळ्या नव्या झाल्या, तर ते जहाज तेच म्हणायचे का, असे ते कोडे. नात विचारते, ‘मग आजोबा, मी तरी तीच आहे का?’ आणि आजोबा तिला दोन पाने उत्तर देतात. वाचून झाल्यावर वर्ग गप्प बसला. मग एका मुलाने विचारले, ‘मॅडम, याचं तात्पर्य वहीत लिहायचं का?’ माझे कुठे चुकले? आणखी दोन अडचणी आहेत. वर्गातील एका मुलाचे वडील गेल्या वर्षी वारले, त्यामुळे मृत्यूविषयीच्या गोष्टी घ्याव्यात की टाळाव्यात, हे मला ठरवता येत नाही. आणि असल्या वर्गामुळे मुले घरी उलट बोलू लागतील, असे काही पालकांचे म्हणणे आहे.
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि सोबत पाठवलेली कथा तीनदा. आजोबांच्या बोटांवर सुताने पडलेल्या बारीक रेघांचे जे वर्णन तुम्ही केले आहे, ते विणकराच्या घरात वावरलेल्या माणसालाच सुचू शकते, आणि ज्याला असे दिसते त्याने कथा लिहिणे थांबवू नये. तात्पर्याविषयी विचारणाऱ्या मुलाचे बोलणेही मनाला लावून घेऊ नका, कारण तुमच्या कथेवरचा सर्वांत नेमका अभिप्राय त्यानेच दिला आहे. गोष्ट संपेपर्यंत तिच्यातला सगळा विचार दुसऱ्या कोणीतरी करून टाकलेला असला आणि आपल्या वाट्याला फक्त उतरवून घेणे उरले असले, म्हणजे मूल असे विचारते. तुमच्या कथेत तो विचार आजोबांनी करून टाकला आहे. नात एकच प्रश्न विचारते, तोही त्यांना उत्तर देता यावे एवढ्यापुरता, आणि त्यानंतर दोन पाने मान डोलावते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना मान डोलावणाऱ्या मुलीशी स्वतःची ओळख पटत नाही.

मी अनेक वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. अकरावीला येणारी मुले विचार करायला कचरतात असा माझा अनुभव नाही. आपला विचार विचारला जाईल याची मात्र त्यांना सवय नसते. प्राथमिक शाळेपासून त्यांनी शेकडो गोष्टी वाचलेल्या असतात आणि त्यांतील बहुतेकींच्या खाली एक ओळ ठरलेली असते. त्यामुळे गोष्ट हा त्या ओळीपर्यंत जाण्याचा रस्ता आहे, अशी त्यांची पक्की समजूत झालेली असते. तत्त्वज्ञान गोष्टीतून द्यायचे तर पहिल्यांदा ही समजूत सुटली पाहिजे, आणि ती आधी लेखकाच्या मनातून सुटली पाहिजे.

तत्त्वज्ञान अवघड, म्हणून ते सोपे करायला गोष्ट वापरायची, असे तुमच्या पत्रातील एका वाक्यावरून वाटते. माझे मत निराळे आहे. ज्यांना आपण मोठे तत्त्वचिंतक म्हणतो, त्यांनीही गोष्ट हाती घेतली ती तिच्यावाचून प्रश्नच मांडता येईना तेव्हा. सतराव्या शतकात इंग्लंडमधील जॉन लॉकला विचारायचे होते की माणूस ‘तोच’ कशामुळे ठरतो, देहामुळे की आठवणीमुळे. त्यासाठी त्याने एका राजपुत्राच्या सर्व आठवणी एका चांभाराच्या देहात गेल्याची कल्पना केली. आता राजपुत्राने केलेल्या कृत्याचा जाब कोणाला विचारायचा? ही घटना बाजूला काढली तर मागे फक्त शब्द उरतात. आपल्याकडे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी जन्मांध माणसे आणि हत्ती यांचा दृष्टांत सांगितला आणि केशोबासांनी तो ‘दृष्टांतपाठ’ या ग्रंथात नोंदवला, मराठी गद्य उभे राहत होते त्या काळातच ते अशा गोष्टींतून विचार करीत होते. ही वाट आपली जुनी आहे, तेव्हा तिच्यावरून संकोचाने चालण्याचे कारण नाही.

गोष्ट कोठून सुरू करावी, यासाठी कठोपनिषदातील नचिकेताकडे एकदा नव्याने पाहा. ती मृत्यूची गोष्ट म्हणून आपल्याला ठाऊक असते, पण तिची सुरुवात घरातल्या एका खटक्याने होते. वडील यज्ञात सर्वस्व दान करीत आहेत, आणि मुलाला दिसते की दानासाठी निघालेल्या गाई म्हाताऱ्या आहेत. त्यांचे पाणी पिऊन झाले, गवत खाऊन झाले, दूध देऊन झाले. ज्याचा आपल्याला काही उपयोग उरला नाही ते देऊन टाकणे हे दान कसे, असे वडिलांना तोंडावर विचारणे त्याला जमत नाही, म्हणून तो आडून विचारतो की मला कोणाला देणार. एकदा विचारतो, पुन्हा विचारतो, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर वडील संतापून म्हणतात, तुला मृत्यूला देतो. यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहणे, तीन वर आणि आत्म्याची चर्चा हे सगळे नंतरचे आहे. तुमच्या वर्गातील कोणत्याही मुलाला हे घर ओळखीचे वाटेल: काहीतरी खटकले आहे, बोलता येत नाही, बोलले तर वडील चिडणार, आणि चिडल्यावर त्यांच्या तोंडून जे जाईल ते त्यांनाही मागे घेता येणार नाही. पहिल्या शनिवारी तिसऱ्या प्रश्नापर्यंतच वाचा आणि थांबा. दिवाळीच्या आवराआवरीत विटलेले कपडे कोणाला तरी देऊन आपण काय केले, यावर मुले आपणहून येतील.

आता तुमच्या कथेविषयी. थीसियसचे जहाज प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने नोंदवून ठेवले आहे आणि ते ग्रीसमध्येच असू द्या. मुलांना ते जरूर सांगा, पण नंतर. तुमच्या आजोबांनी समुद्र पाहिलेला नाही, त्यांनी माग पाहिला आहे, आणि चाळीस वर्षे चाललेल्या हातमागाचे प्रत्येक अंग कधी ना कधी बदलावे लागते. आडवे सूत नेणारा धोटा झिजतो, ताण्याचे धागे वेगळे ठेवणाऱ्या फणीच्या काड्या मोडतात, पायाने दाबायची पावडी खचते, चौकटीला वाळवी लागते. एकेक भाग सुताराकडून नवा करून घेतला आणि आजीने जुना भाग चुलीत न घालता माळ्यावर ठेवला, असे समजा. आजोबा गेले. खाली चालू माग आहे, ज्यात पहिल्या दिवसाचा एकही तुकडा राहिलेला नाही. धाकट्या मुलाने माळ्यावरचे सगळे भाग उतरवून जोडले आणि दुसरा माग उभा केला. हातमागाच्या एका प्रदर्शनासाठी ‘या घरातला मूळ माग’ मागितला गेला आहे आणि गाडी उद्या सकाळी येणार आहे. कोणता द्यायचा? काढून टाकलेल्या जुन्या फळ्यांतून दुसरे जहाज बांधले तर काय, ही भर मूळ कोड्यात सतराव्या शतकात इंग्लंडमधील तत्त्वचिंतक टॉमस हॉब्जने घातली होती. तुमच्या घरात ती माळ्यावरून खाली येते.

लिहिताना प्रसंग किती जवळून घ्यावा, हे दाखवण्यासाठी चार ओळी लिहून पाहिल्या आहेत. नातीचे नाव मी रेणुका ठेवले आहे:

‘हाच ताताचा माग,’ थोरले काका म्हणाले. ‘ह्या पावडीवर त्यांचा पाय शेवटच्या दिवसापर्यंत होता.’
‘आणि पहिली साडी ज्या फणीनं विणली, ती ही,’ धाकट्यांनी फणी उजेडात धरली. काड्यांमध्ये हिरव्या सुताचा एक तुकडा अजून अडकलेला होता. रेणुकाने तो काढायला नख पुढे केले, आणि मग हात मागे घेतला.

रेणुकाने हात मागे का घेतला, हे सांगू नका. त्या सुतात काय आहे आणि ते काढले तर काय जाईल, हे मुलांनीच एकमेकांना सांगितले पाहिजे. दोन्ही काकांची बाजू सारखीच भक्कम ठेवा, यावर मात्र माझा आग्रह आहे. एकाला लोभी आणि दुसऱ्याला भोळा केले, की मुले मागाचा विचार सोडून माणसाचा न्याय करू लागतील आणि तुमचा प्रश्न तिथेच मरेल. लिहून झाल्यावर कथा दुसऱ्या कोणाला वाचायला द्या आणि लेखिका कोणाच्या बाजूने आहे असे विचारा. त्यांना ओळखता आले, तर ज्याची बाजू पडली आहे त्याला आणखी एक चांगला मुद्दा द्या.

‘ताता’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. तुमच्या वर्गातील कितीतरी मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी उर्दू. आजोबा कोठे ताता असतात, कोठे अज्जा. आत्मा, अस्तित्व, नीती हे शब्द त्यांना पाठ्यपुस्तकातले, परक्या घरचे वाटतात. घरचा शब्द गोष्टीत आला की मूल तिच्यात शिरते. प्रमाण मराठीला त्याने काही कमीपणा येत नाही. निवेदन नेटक्या मराठीत असावे आणि माणसे घरी जशी बोलतात तशी बोलावीत.

मागाचा प्रश्न मुलांना आवडेल, पण तो अजून वस्तूचा आहे. तो त्यांच्या अंगाला भिडतो तो पुढच्या वळणावर, आणि तुमच्या नातीने विचारलेला प्रश्न तिथेच खरा होतो. समजा, याच रेणुकाने सहावीत असताना आईच्या फोनवरून वर्गाच्या गटात एका मैत्रिणीविषयी काहीतरी फार लागणारे लिहिले होते. आता ती दहावीत आहे. त्या मैत्रिणीने तो संदेश जपून ठेवला आहे आणि आज तो तिच्यापुढे धरला आहे. रेणुकाला तो लिहिल्याचे आठवतसुद्धा नाही. ‘ती मी नव्हतेच, तेव्हा मी लहान होते,’ असे ती म्हणते, आणि ते तिला मनापासून खरे वाटते. संध्याकाळी घरी आल्यावर तिची नजर भिंतीवरच्या पाचवीतल्या शिष्यवृत्तीच्या प्रमाणपत्रावर जाते. सहावीतली ती मी नव्हते, तर पाचवीतली कोण होती? लॉकचा राजपुत्र आणि चांभार इथे मुलांच्या घरात येऊन बसतात. जे आठवत नाही त्याला आपण उत्तरदायी आहोत का, या प्रश्नावर तुमचा वर्ग तासभर भांडेल, आणि घरी जातानाही भांडत जाईल.

सोलापूर जिल्ह्यातच अशी एक कथा आहे जी मुलांनी कीर्तनात ऐकलेली असते, पण जिच्यातील पेच क्वचितच कोणी थांबून पाहतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारे भुकेल्या लोकांसाठी उघडली. ते कोठारांचे राखणदार होते, मालक नव्हते. त्यांना बिदरला नेण्याचा हुकूम सुटला, आणि कथा सांगते की साक्षात विठ्ठल विठू महाराच्या रूपाने दरबारात गेला, धान्याची किंमत भरली आणि पावती घेऊन आला. गोष्ट सुटते ती या पावतीमुळे. कोणाचे धान्य बुडाले नाही, कोणी उपाशी मेले नाही, सगळ्यांचे भले झाले.

दामाजींना मात्र कोठाराचे दार उघडताना या पावतीची कल्पना नव्हती. तुमची गोष्ट त्या रात्रीची करा. त्यांच्या हाताखाली कोठार सांभाळणाऱ्या माणसाचा चौदा वर्षांचा मुलगा कल्पनेने घ्या आणि किल्ल्या त्याच्या हाती द्या. दारात माणसे बसली आहेत, त्यांत त्याच्या ओळखीची एक म्हातारी आहे. बाप त्याला हळू आवाजात सांगतो की हे धान्य आपले नाही, पुढच्या वर्षीही पाऊस पडला नाही तर यावरच सगळा मुलूख जगायचा आहे, आणि ज्याने आपल्यावर विश्वास ठेवला त्याचा शब्द मोडून केलेला उपकार हा उपकार नव्हे. बापाचे म्हणणे खोटे नाही. म्हातारीची भूकही खोटी नाही. बिदरच्या वाटेवर शिपायांच्या मागे दामाजी चालू लागतात तिथे थांबा आणि मुलांना विचारू द्या की पावती आलीच नसती, तर त्यांनी केले ते बरोबर ठरले असते का. चांगुलपणा परिणामावर ठरतो की करणाऱ्याच्या मनावर, दिलेला शब्द मोठा की समोरचा जीव, हे नीतिशास्त्रातील मोठे वाद आहेत आणि ते त्या किल्लीत मावतात.

एक काळजी घ्या. ही कथा अनेक घरांत श्रद्धेने ऐकली जाते. विठ्ठल आला की नाही, यावर वर्गात वाद होऊ देऊ नका. तो आपला प्रश्नच नाही. विठ्ठल आला हे मनोमन मानणाऱ्या मुलालाही, तो येण्याच्या आधीची रात्र कशी गेली असेल, हे विचारता येते. कदाचित तो सर्वांत चांगला विचारेल.

सोलापूरच्या इतिहासातही असा प्रसंग आहे. १९३० च्या मे महिन्यात शहरात लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी देण्यात आले. त्यांचे पुतळे तुमच्या मुलांना रोज दिसतात. या चौघांच्या तोंडी कल्पित वाक्ये घालू नका. ती माणसे होऊन गेली आहेत आणि त्यांचे शब्द आपण बनवू नयेत. त्याऐवजी त्या दिवसांतला एक कल्पित मुलगा घ्या. गांधी टोपी डोक्यावर दिसली एवढ्यानेही तेव्हा माणूस अडचणीत येत असे. मुलगा टोपी घालून दारापर्यंत आला आहे आणि आई उंबऱ्यात उभी आहे. ही गोष्ट वाचून झाल्यावर मुलांना इसवी सनापूर्वी ३९९ सालचा अथेन्समधला सॉक्रेटिस सांगा: अन्यायाने देहदंड झाला, तुरुंगातून निसटण्याची सोय मित्रांनी केली, आणि आपल्या नगराचे कायदे मोडायचे नाहीत म्हणून तो गेला नाही. एकाने कायदा मोडला म्हणून आपण त्याला वंदन करतो आणि दुसऱ्याने मोडला नाही म्हणून त्यालाही करतो. दोन्ही एकाच वेळी कसे योग्य ठरेल, यावर मुलांना बोलू द्या.

प्लेटोने सांगितलेली, बोटातल्या अंगठीचा खडा आत फिरवला की माणूस अदृश्य होतो ती गायजेसच्या अंगठीची गोष्टही घ्या. बनावट नावाचे खाते ही आजची अंगठी आहे, हे मुलांना सांगावे लागत नाही. फक्त ती गोष्ट मोबाइलच्या दुष्परिणामांवरचा धडा होऊ देऊ नका. अंगठी हाती आलेल्या मुलाने जे केले ते वाचणाऱ्यालाही करावेसे वाटले पाहिजे, निदान पानभर.

वर्ग कसा चालवावा, याविषयी थोडेसे. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे मॅथ्यू लिपमन यांना असे वाटू लागले की विचार करायला शिकवण्याचे काम विद्यापीठात येईपर्यंत थांबणे फार उशिराचे आहे. त्यांनी मुलांसाठी एक कादंबरी लिहिली, जिच्यात मुलेच आपापसांत बोलून विचारांचे नियम शोधून काढतात, आणि १९७४ साली न्यू जर्सीतील माँटक्लेअर येथे या कामासाठी संस्था उभारली. त्यांच्या पद्धतीतील एक गोष्ट मला अतिशय मोलाची वाटते. गोष्ट आळीपाळीने मोठ्याने वाचायची आणि मग शिक्षकाने प्रश्न विचारायचे नाहीत. मुलांनी विचारायचे, ते फळ्यावर त्या मुलाच्या नावासह लिहायचे, आणि कोणत्या प्रश्नावर बोलायचे ते वर्गाने ठरवायचे. फळ्यावर स्वतःच्या नावापुढे स्वतःचा प्रश्न पाहिलेले मूल पुढच्या शनिवारी वेगळ्या ताठपणे बसते. सुरुवातीला कोणी काही विचारणार नाही. ती शांतता तुम्हाला दहा मिनिटांसारखी वाटेल, प्रत्यक्षात ती मिनिटभराची असेल. तेवढे थांबा. मग कोणीतरी बोलेल तेव्हा ‘छान’ म्हणू नका, कारण छान म्हटले की इतर मुले तुम्हाला काय आवडते ते शोधू लागतात. ‘असे का वाटते?’, ‘एखादे उदाहरण?’, ‘याच्या उलट कोणाला वाटते का?’ एवढे तीन प्रश्न तुम्हाला वर्षभर पुरतील. वह्या दप्तरात राहू द्या.

पालकांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. दिवसभर यंत्रमागाच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या किंवा हजार विड्या वळून उठलेल्या माणसाला घरी आल्यावर मुलाने प्रत्येक शब्दाला ‘कशावरून?’ विचारणे सोसवणार नाही, आणि तसे वागणारे मूल तत्त्वज्ञान शिकले असे मीही म्हणणार नाही. वर्गात एक नियम ठेवा: दुसऱ्याचे म्हणणे खोडण्याआधी ते आपल्या शब्दांत असे सांगायचे की तो म्हणेल, ‘होय, मला हेच म्हणायचे होते.’ हा नियम अंगवळणी पडला की घरच्या बोलण्यातही फरक दिसतो, पण त्याला काही महिने लागतात. त्याआधी एका शनिवारी पालकांनाच बोलवा आणि मागाची गोष्ट त्यांच्यासमोर वाचा. कोणता भाग बदलला म्हणजे माग बदलतो, यावर ते तुमच्याहून आणि माझ्याहून अधिक अधिकाराने बोलतील. आपल्या वडिलांना असा वाद घालताना मुलांनी पाहिले, तर उलट बोलणे आणि विचारणे यांतला फरक तुम्हाला वेगळा शिकवावा लागणार नाही.

शेवटी वडील गेलेल्या त्या मुलाविषयी. मृत्यूच्या गोष्टी वर्गातून काढून टाकू नका. त्याच्यासाठी म्हणून काढल्या तर त्याच्या ते लक्षात येईल, आणि आपले दुःख इतरांना अवघडून टाकते असा त्याचा समज होईल. मात्र अशी गोष्ट घेण्याच्या दोन-तीन दिवस आधी त्याला एकट्याला गाठा. पुढच्या शनिवारी अमुक गोष्ट वाचणार आहोत, तुला यायचे असेल तर ये, मधूनच उठून जावेसे वाटले तर विचारण्याची गरज नाही, एवढेच सांगा. वर्गात त्याच्याकडे पाहू नका, त्याचे उदाहरण देऊ नका, इतर कोणी दिले तर विषय हलकेच दुसरीकडे न्या. एखाद्या गोष्टीने दुःख बरे होईल, अशी अपेक्षा त्याच्याकडून किंवा स्वतःकडून ठेवू नका. त्याचे जेवण, झोप, अभ्यास बराच काळ विस्कटलेले दिसले, तर घरच्यांशी आणि मुख्याध्यापकांशी बोलून समुपदेशकाची मदत घ्या. ते काम वाचनवर्गाचे नाही.

गोष्ट निवडायचीच तर किसा गोतमीची निवडा. तान्हे मूल गेलेली ही आई बुद्धाकडे औषध मागते, आणि तो तिला मोहरीचे दाणे आणायला सांगतो, मात्र ज्या घरात कधी कोणी मेलेले नाही त्याच घरातून. ती दारोदार फिरते. मोहरी प्रत्येक घरात असते, तसे घर मात्र सापडत नाही. मृत्यू सर्वांना आहे, असे तिला कोणी सांगत नाही. तिचे पाय तिला ते सांगतात. तुमच्या कथेत मला जे हवे आहे ते यात आहे. बुद्धाला उत्तर माहीत आहे, तरी तो ते देत नाही, तिला चालायला लावतो. आणि प्रत्येक दारात कोणीतरी तिच्याशी आपल्या गेलेल्या माणसाविषयी बोलले असेल, हे त्या मुलाला कदाचित इतरांच्या आधी जाणवेल.

म्हणून तुमची पहिली कथा, जिच्यात आजोबा हयात आहेत, ती फेकू नका. तिची शेवटची दोन पाने काढा. जहाजाचे कोडे आजोबांच्या तोंडून काढून घ्या आणि माळ्यावरची जुनी फणी त्यांच्या हातात द्या. नातीचा प्रश्न आहे तसाच ठेवा, कारण तो चांगला आहे. तिने विचारले, ‘मग मी तरी तीच आहे का?’ आणि आजोबांना उत्तर माहीत नसू द्या. धोट्यात कांडी बसवता बसवता त्यांचा हात थांबू द्या, शेजारच्या कारखान्यातला खडखडाट चालू असू द्या, आणि पान तिथे संपवा. पुढच्या शनिवारी हे शेवटचे पान मोठ्याने वाचायला तात्पर्य विचारणाऱ्या त्याच मुलाला द्या, आणि त्याचे वाचून झाले की खडू त्याच्याच हातात द्या.